पाण्यातलं तेल

प्रिय चिऊ,

तुझं यायचं नक्की झाल्यापासून घरात जरा जान आली आहे. तुझी खोली झाडून घेतली, खिडकीची सैल झालेली कडी बसवून घेतली आणि तुझ्या पलंगावर बाबांनी रचून ठेवलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे एकदाचे रद्दीत घातले. आपण फोनवर तर रोजच बोलतो, मग आई आता पत्र काय लिहीत बसली, असं तुला वाटेल. फोन वाजला की बाबा माझ्या शेजारी येऊन बसतात, आणि मला जे सांगायचं आहे ते त्यांच्यादेखत सांगण्यासारखं नाही. आत्ता ते केस कापायला गेले आहेत. कोपऱ्यावरच तर दुकान आहे. ते आत शिरलेले गॅलरीतून पाहिले आणि मगच कागद पुढे ओढला.

गाडीपासून सुरुवात करते, कारण सगळं तिथूनच कळलं. तुला आठवत असेल, ती घरी आली तेव्हा तू दुसरीत होतीस आणि मी तिला माझी सवत म्हणायचे. सुट्टीची अख्खी सकाळ ती घ्यायची. बाह्या दुमडलेला तो जुना शर्ट, वर केलेलं बॉनेट आणि खोक्यावर उभी राहून बॅटरी धरणारी तू. तेल बदलणं, फिल्टर, प्लग, सगळं बाबा स्वतः करायचे. कारखान्यात दिवसभर पंपांची ड्रॉइंग काढायची आणि सुट्टीच्या दिवशी खऱ्या यंत्रात हात घालायचा, यातच त्यांचं सुख होतं. आता तिचे तीन लाख किलोमीटर कधीच मागे पडलेत. चढावर धापा टाकते, तेलही थोडं थोडं पिते. त्यामुळे दर आठ-दहा दिवसांनी पट्टी काढून तेल बघायचं आणि कमी असेल तेवढं वर घालायचं, हा बाबांचा नेम. वीज गेली तरी अंधारात चाचपडत ते काम करतील, असं मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे.

मध्यंतरी मावशीकडून परत येताना घाटात गाडी तापली. काटा लालपर्यंत गेला. बाबांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन निवेपर्यंत आम्ही एका झाडाखाली बसून राहिलो. मग त्यांनी पाण्याच्या टाकीचं झाकण उघडलं. ती पांढरी प्लास्टिकची बाटली असते ना, जिच्यात ते गुलाबी पाणी घालतात, ती. आत कॉफीवर साय धरावी तसा तपकिरी चिकट थर होता. बाबांचा चेहराच उतरला. पाण्यात तेल आलंय, म्हणाले, गॅस्केट गेलं बहुतेक. इंजिनाच्या दोन भागांमध्ये एक पातळ पत्रा असतो, तो तेलाची वाट आणि पाण्याची वाट वेगळी ठेवतो. तो फाटला की दोन्ही एकमेकांत मिसळतात. एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन उघडायचं म्हणजे तिचा निरोप घेण्यासारखंच, हेही त्यांनीच मला समजावलं.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रींकडे नेली. लाकडाच्या वखारीमागचं गॅरेज, तुला ठाऊक आहे. मिस्त्री आता थकलेत, पण काम तसंच सावकाश आणि नीट. बाबा आणि ते दोघं मिळून दिवसभर त्या गाडीला लागले होते. एकेक प्लग काढून तिथे मीटर लावून दाब बघितला, तर सगळीकडे जवळपास सारखा. पाण्याच्या बाजूने हवा भरून ठेवली, तर काटा जागचा हलला नाही. इंजिन चालू ठेवून टाकीत बुडबुडे येतात का पाहिलं, एकही नाही. तेलाच्या पट्टीला पाण्याचा मागमूस नाही. धूरही पांढरा नाही. शेवटी मिस्त्री हात पुसत म्हणाले, "भाऊ, लक्षण सगळं गॅस्केटचं आहे आणि गॅस्केट तर शाबूत दिसतंय." सगळं धुऊन काढलं, नवं पाणी भरलं आणि गाडी घरी आली. बाबा एवढे खूश झाले की रस्ताभर गुणगुणत होते.

मला मात्र त्याच रस्त्यावर एक गोष्ट खटकली. पुलाजवळ आपण नेहमी डावीकडे वळतो. बाबा सरळ निघाले. मी म्हटलं, इथूनच ना हो? तर म्हणाले, हो हो, बोलण्याच्या नादात राहिलं. आम्ही बोलत नव्हतो, चिऊ. त्याआधीही थोडं थोडं दिसत होतं. चष्मा भांड्यांच्या फडताळात सापडला. तुझा लेक कितवीत आहे हे एका संध्याकाळी मला तीनदा विचारलं. शेजारच्या काकांना ते 'अहो, हे आपले' म्हणून हाक मारू लागले, नाव घेईनात. वय झालं की व्हायचंच असं, असं मी मला समजावत राहिले. गाडीत बसलं की मी वाटेवरच्या खुणा मोठ्याने वाचायला लागले, जशी काही मलाच त्यांची गंमत वाटते. हे बघा, शाळा आली. हा बघा दवाखाना, आता वळायचं नाही का?

काही आठवड्यांनी टाकीत पुन्हा तीच साय. आता मिस्त्रींनाही दुसरं काही सुचेना. एखादी बारीक चीर असेल, इंजिन तापल्यावरच उघडत असेल, वरचा भाग काढल्याशिवाय कळणार नाही, म्हणाले. बाबा कबूल झाले. ठरल्या दिवशी सकाळी गॅरेजला निघण्याआधी त्यांनी बॉनेट उघडलं. मी कपडे वाळत घालत होते. वरून विचारलं, आता आणखी काय? तर म्हणाले, "तेल कमी आहे गं, जाईपर्यंत पुरायला नको का?" हातात तेलाचा डबा होता. ओतताना मी त्यांना पाहिलं. नुसतं पाहिलं, लक्ष दिलं नाही.

मिस्त्रींनी आधी टाकी आणि रेडिएटर रिकामा करून सगळं पाणी एका पसरट भांड्यात काढून ठेवलं आणि मग इंजिन उघडायला घेतलं. मी सहसा तिथे थांबत नाही, पण त्या दिवशी थांबले. बाबांना एकट्याने परत यायला लावायचं नाही, असं मनात होतं. वरचा भाग निघाला. गॅस्केट अगदी व्यवस्थित. मिस्त्रींनी त्यावर मोजपट्टी धरून पाहिली, उजेडाला नेऊन पाहिलं, नख फिरवून चीर शोधली. काही नाही. मग त्यांची नजर त्या भांड्याकडे गेली. एव्हाना पाणी निवळलं होतं आणि वर तेल आलं होतं, मधासारखं पिवळं, स्वच्छ. त्यांनी त्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं. आधी माझ्याकडे बघितलं, मग बाबांना म्हणाले, "भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसा, चहा सांगतो."

बाबा बाहेर गेले नाहीत. त्यांनीही बोट बुडवलं. वास घेतला. दारापर्यंत जाऊन उजेडात ते बोट किती तरी वेळ पाहत राहिले. मग सावकाश म्हणाले, "इंजिनातून आलं असतं तर काळं असतं. हे नवं आहे. डब्यातलं आहे."

मिस्त्री घाईघाईने म्हणाले, "कुणा पोराची खोडी असेल भाऊ. गाडी रस्त्यावर उभी असते तुमची."

"बॉनेट आतून उघडतं," बाबा म्हणाले. "आणि किल्ली माझ्या खिशात असते."

वखारीत करवत चालू होती, ती बंद पडली, पुन्हा सुरू झाली. बाबा हात न पुसताच स्टुलावर बसले. एखादं ड्रॉइंग तपासताना कसे स्वतःशी पुटपुटायचे, तसे एकेक पायरी उलगडत गेले. पट्टीला तेल कमी दिसतं, म्हणून मी ओततो. दुसऱ्या दिवशी बघतो तर कमीच, म्हणून परत ओततो. कमीच राहणार. जातंय पाण्याच्या टाकीत. मग त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, "तुला माहीत होतं?" मी म्हटलं, हे नव्हतं माहीत. त्यांना त्यातलं 'हे' बरोबर ऐकू आलं. नुसती मान हलवली. मिस्त्री इतका वेळ एकच पाना पुसत उभे होते. बाबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमचं निदान चुकलं नव्हतं. तुम्ही गाडी तपासत होता." कामावरून निवृत्त झाले त्या दिवशीसुद्धा त्यांचा आवाज इतका सपाट नव्हता.

गाडी जोडून आली त्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः दुसऱ्या बाजूने जाऊन बसले. मला गाडी चालवता येते, पण हे शेजारी असताना मी स्टिअरिंगला हात लावलेला तू कधी पाहिलास? वखारीच्या फाटकातच दोनदा बंद पाडली. एरवी केवढं बोलले असते. त्या दिवशी गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. घर जवळ आल्यावर फक्त म्हणाले, आवाज चांगला येतोय. तेव्हापासून मीच चालवते.

डॉक्टरकडे जायचं हे त्यांनीच काढलं. डॉक्टर बाई तुझ्याच वयाच्या आहेत, मायाळू आहेत. बाबांनी त्यांना सगळं क्रमाने सांगितलं, केव्हापासून, काय काय, कशाने वाढतं. मिस्त्रींना सांगतात अगदी तसं. बाईंनी कागद दिला आणि घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. चिऊ, तुझ्या बाबांनी आयुष्यभर केसाएवढ्या रेघा मारल्या आहेत. वर्तुळ त्यांनी हातानेच काढलं, कंपास लागणार नाही असं. आकडे मात्र सगळे एका बाजूला दाटीवाटीने बसले आणि दुसरी बाजू रिकामीच राहिली. ते त्या कागदाकडे बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, "हे चुकलंय. पण कुठे ते मला दिसत नाही." मी खिडकीबाहेर बघत राहिले. नंतर आणखी तपासण्या झाल्या, डोक्याचे फोटो काढले. जे नाव ऐकायची भीती होती तेच बाईंनी घेतलं. गोळ्यांनी वेग थोडा मंदावेल, गेलेलं परत येणार नाही. जिन्यावरून उतरताना बाबा म्हणाले, "म्हणजे उघडून बघण्यात अर्थ नाही," आणि मला हसू आलं, त्यांनाही आलं, आणि मग त्याच पायरीवर आम्ही दोघं जरा वेळ बसलो.

तसे चांगले आहेत. भूक चांगली लागते, सकाळी फिरायला नेते, तुझ्या लेकाला देण्यासाठी लाकडाचा एक ठोकळा घासत बसलेले असतात. त्याचं काय होणार आहे ते विचारलं की म्हणतात, बघू. सकाळी ते अगदी पूर्वीचेच असतात. दुपारनंतर शब्द हरवायला लागतात.

तुला यातलं काही सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं आहे. ते स्वतः सांगणार आहेत, तू आल्यावर, समोरासमोर. त्यासाठी ते तयारी करतात. दाढी करताना न्हाणीघराच्या दाराआडून मला ऐकू येतं. "चिऊ, मला एक आजार झाला आहे," इथपर्यंत येतात, थांबतात, पुन्हा पहिल्यापासून म्हणतात. कधी पुढचं वाक्य सापडतं, कधी नाही. त्यांचा शब्द मोडून मी हे लिहिते आहे, ते एवढ्याचसाठी की जे काय रडायचं असेल ते तू तिकडेच रडून घे. मग इथे ये. ते सांगायला बसतील तेव्हा पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी ऐक आणि मधेच शब्द अडला तर तू पुरवू नकोस. मीही आधी पुरवायचे, आता नाही पुरवत. हात धरून नुसती थांब. वेळ लागतो, पण अजून सापडतो त्यांना.

तुझी वाट बघणारी,
तुझीच,
आई