एक पत्ता कायमचा

२९ सप्टेंबर

मेले. सत्तेचाळिसाव्यांदा. पाचव्या मजल्यावर, त्याच दोन तोंडाच्या कुत्र्यापुढं.

फोनवरच्या ह्या गेममधला किल्ला सात मजल्यांचा आहे म्हणतात. मी पाचाच्या वर कधी गेले नाही. दहा पत्ते घेऊन आत शिरायचं, वाटेत नवे गोळा करायचे, त्यांच्या जिवावर लढायचं, मरायचं. मेलं की सगळं जातं. राहते फक्त राख. ती राख घेऊन दारातल्या म्हातारीपुढं उभं राहायचं. ती तीन गोष्टी दाखवते, त्यातली एकच घ्यायची. घेतली की कायमची, पुढच्या प्रत्येक जन्माला. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं — हे परत बदलता येणार नाही.

आज तिनं दाखवलं : दहा जीव जास्त. किंवा आगीचा एक पत्ता. नाहीतर सुरुवातीच्या दहातला कुठलाही एक पत्ता कायमचा काढून टाका.

मी आग घेतली. मी दरवेळी असलंच घेते, दिसायला भारी.

अंजूअक्का मागून बघत होती. परवाच आलीय माहेराला, दोन्ही लेकरं घेऊन. दिवाळी झाली की टोळीबरोबर ऊसतोडीला जाणार, त्याच्या आधी जरा पाठ टेकायची म्हणून.

"योगे, मेलीस का परत? कॉलेज शिकून हेच का गं?"

हेच. अन् माझी पत्त्यांची कथा. बावन्न कोरे पत्ते, एकेकावर एक परिच्छेद, वाचणाऱ्यानं पिसायचे अन् वाचायचे. मासिकवाल्यांनी परत पाठवली. 'सुरुवात कोणती ते कळवावे.' ते कळलं असतं तर पत्ते कशाला केले असते.

३० सप्टेंबर

अठ्ठेचाळीस. तोच कुत्रा.

२ ऑक्टोबर

अक्काच्या हातात फोन दिला. इंग्रजी मी वाचून सांगायचं, खेळायचं तिनं. दुसऱ्याच मजल्यावर मेली. म्हातारीनं तीन गोष्टी दाखवल्या. मी म्हणले दहा जीव घे, नवीन माणसानं तेच घ्यावं. तिनं ऐकलं नाही. एक साधा वाराचा पत्ता कायमचा काढला.

"कावून?"

"मोळी बांधताना वाडं छाटून टाकतो का न्हाई आपण? डोक्यावर वजन सगळ्याचंच पडतं. साखर कांड्यात असती."

पत्ते कमी असले की चांगला पत्ता लवकर फिरून हातात येतो — हे मला कळायला दोन वर्षं अन् शंभर व्हिडिओ लागले. हिला वाड्यावरून, उसाच्या शेंड्याच्या पाल्यावरून कळलं. कळून पण मी आजवर एकच पत्ता काढलाय. पहिल्याच मरणाला, गाठोडं. तो काहीच करत नाही, नुसता हातात येऊन जागा अडवतो. सगळे व्हिडिओवाले एका तोंडानं सांगतात, पहिलं गाठोडं काढा. काढलं.

आज संध्याकाळपर्यंत अक्का चौथ्या मजल्यावर. लेकरं दोन्ही बाजूनं तिच्या खांद्यावर. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "डोळे फुटतील." दिवसभरातलं तेवढंच बोलणं.

५ ऑक्टोबर

अक्का सकाळपासून पडून. गुडघे पोटाशी. सहा महिने झाले अंगावरून जातंय म्हणे, कंबर तर विचारूच नको. मला आज कळतंय. एका घरात, एका गोधडीत.

दुपारी मंगलकाकी आल्या, टोळी नेणाऱ्या सुंदरराव मुकादमाच्या बायको. चहा बशीत ओतत म्हणाल्या, "काढून टाक की बाई पिशवी. आपल्या टोळीतल्या सहा जणींनी काढली. दहा दिसात उटून बसती बाई. मग पाळी न्हाई, पोट न्हाई, खाडा न्हाई."

पिशवी म्हणजे गर्भाशय. इकडं कुणी गर्भाशय म्हणत नाही. पिशवी म्हणलं की बाजाराची वाटते. खुंटीवरून काढावी तशी.

मी आईकडं बघितलं, काहीतरी बोलेल म्हणून. आई पदरानं वारा घेत बसलेली. मग भाकरी तव्यावर तशीच टाकून बाहेर गेली. भाकरी करपली.

आईचं हे असंच. त्रेचाळीस वय, दिसते साठीची. थंडीत घाम, भिंत धरून उठणं, हाडं दुखतात हाडं दुखतात. बारा वर्षं ऊस तोडला, मग कंबर गेली अन् घरी बसली. बापू, आमचे वडील, परळीला वीजकेंद्राच्या राखेच्या टिप्परवर, महिन्यातनं दोनदा येतात. घरात एक मोठं माणूस लागतं बोलायला, तर हे असं.

६ ऑक्टोबर

मंगलकाकीनं सांगितलेल्या डॉक्टरकडं गेलो, मी अन् अक्का. चष्मा खाली, नजर वर. मशीन पोटावर पाच मिनिटं पण ठेवली नाही.

"पिशवी खराब झाली. ठेवली तर कॅन्सर होईल. लेकरं किती? दोन? मग कशाला पाहिजे?"

ऑपरेशनला पंधरा तारीख दिली. आम्ही अजून हो म्हणलेलं नव्हतं.

७ ऑक्टोबर

भांडले. अक्का सव्वीस वर्षांची आहे, सव्वीस! मी लई बोलले. शरीर, हक्क, बाजार — सगळे कॉलेजातले शब्द काढले. ती गहू निवडत होती. मी थांबल्यावर म्हणाली,

"झालं? आता माझं ऐक. फडात पाळी आली तर कापड बदलायला जागा न्हाई. धुवायला पाणी न्हाई. पाच वाजता उटून तोडायला लागायचं, ट्रक भरस्तोवर बसायचं न्हाई. मागल्या साली पाचव्या महिन्यात पडलं माझं, कारखान्यावर. तुला कुनी सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिवशी मोळी उचलली मी."

मला कुणी सांगितलं नाही. त्याच आठवड्यात मी तिला फोनवर माझी कथा वाचून दाखवलेली. लई भारी म्हणाली होती.

९ ऑक्टोबर

सरकारी दवाखाना. अक्काला नेलं, हट्टानं. आई आपण होऊन बसमधे येऊन बसली. का, ते सांगितलं नाही.

डॉक्टर बाई तरुण होत्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या. मशीन सावकाश फिरवली. दोनदा.

"कुणी सांगितलं काढायला? पिशवी चांगली आहे तुमची. सूज आहे, जंतू झालेत. गोळ्यांनी बरं होईल. पण दीड महिना ओझं उचलायचं नाही. वाकून काम नाही. अन् काढायचा विचार सोडा. पिशवीबरोबर बाकीचंही काढून टाकतात बऱ्याच वेळा. मग तिशीत शरीर म्हातारं होतं."

आई बाकावरून उठली. पाणी पिऊन येते म्हणाली. बस लागली तेव्हा स्टँडवर सापडली, एकटी बसलेली.

येताना मी अक्काला कोपरानं ढोसलं. बघ, चांगली आहे म्हणाल्या. ती खिडकीबाहेर बघत होती.

१० ऑक्टोबर

"गोळ्या घेते की," अक्का म्हणाली. "पण दीड महिना आराम कुनी द्यायचा? त्या डॉक्टरीनबाई येनार का मोळ्या उचलायला?"

सव्वीसला टोळीचा ट्रक निघणार. ऑपरेशनची तारीख तशीच.

१२ ऑक्टोबर

परमेश्वरदाजी आले, लेकरांना बघायला. मी तयारीत होते, आता ह्यांच्याशी भांडायचं. पण दाजी भांडायला सापडतच नाहीत. चपला काढून उंबऱ्याजवळच बसले.

"तिचं शरीर हाय. तिनं ठरवावं. मी काय बोलू, योगिताताई."

"मग तिला म्हणा ना, औंदा राहा घरी."

"राहू दे की. पन मी एकटा म्हंजे अर्धा कोयता. अर्ध्या कोयत्याला मुकादम ट्रकवर चढवत न्हाई."

नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मोजताना माणसं मोजत नाहीत.

दाजी चहा न घेता गेले. मी त्यांच्यावर एक पत्ता लिहायला घेतला होता, दुष्ट नवऱ्याचा. फाडला.

१३ ऑक्टोबर

अक्का सहावा मजला! गोळ्यांनी पोट जरा शांत आहे, भिंतीला टेकून खेळली. दहातले आता चारच जुने पत्ते उरलेत, सगळे धारेचे. कुत्रा तीन डावात मेला. मी ओरडले. धाकट्यानं टाळ्या वाजवल्या. अक्का हसली — दात दाखवून, लहानपणी हसायची तशी. मग म्हणाली, "उद्या सातवा. परवा न्हाई जमायचं."

परवा पंधरा.

१४ ऑक्टोबर

सातवा मजला. आम्ही दोघीच होतो, लेकरं बाहेर. तिथं राक्षस नाही, काही नाही. एक दार आहे. दारावर ओळ. मी ती मनातच वाचली.

"काय लिवलंय?"

"गाठोडं खाली ठेव, मग आत ये."

"ठिव मग."

नाही आपल्याकडं. मीच काढलंय, पहिल्याच मरणाला. सगळ्यांनी काढा म्हणलं होतं, कारण तिथवर कुणी पोचलंच नव्हतं. अक्कानं सगळे पत्ते उलटून बघितले, दोनदा. दुसरा रस्ता नव्हता. दारापुढं उभं राहून वेळ संपतो अन् मरण येतं. आलं. म्हातारीनं परत तीन गोष्टी दाखवल्या, पण काढलेलं परत देणारी त्यात नव्हती.

मग मी ते केलं. मला माहीत होतं मी करणार. खरं सांगायचं तर दारावरची ओळ वाचतानाच माझ्या डोक्यात वाक्य तयार झालं होतं.

"बघ अक्का. काही कामाचं नाही म्हणून काढलं, अन् शेवटी तेच लागलं."

तिनं फोन माझ्या मांडीवर ठेवला. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"गेममदी गाठोड्याचं काम निघालं म्हून माझ्या पोटात बी काय निघंल व्हय? दोन लेकरं झाली मला. माझ्याकडं दार न्हाई, योगे. ट्रक हाय."

थोड्या वेळानं :

"सगळं पुसून पयल्यापासून खेळता येतं का ह्यात?"

"येतं."

"मग खेळ की. रडतीस कशाला."

उद्या आठ वाजता निघायचं. पिशवीत दोन लुगडी, तांब्या, लेकरांचा फोटो. मी भरलं सगळं. मला आता कुठलं वाक्य सुचत नाही.

१५ ऑक्टोबर

अंजूअक्का गेली नाही.

रिक्षा दारात आली तेव्हा आई पुढं झाली अन् तिच्या हातातली पिशवी काढून घेतली. म्हणाली, "चष्म्याचाच डाक्टर हाय ना त्यो? माझी बी त्यानंच काढली. चोवीसची व्हते मी. तू दुसरीला, ही तीन वर्साची. त्याच साली परत फडात गेले."

रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. आईनं त्याला हातानंच जा म्हणलं.

"परमेश्वरला सांगा, औंदा त्याच्या कोयत्याला मी हाय. त्यानं तोडायचं, मी बांधीन. झोपायला बायकांत झोपीन. तू गोळ्या घे. संक्रांतीपातूर बरी झालीस तर ये, मग मी माघारी यीन."

अक्का म्हणाली, "तुझी कंबर?"

"मला तर पाळी बी न्हाई, पोट बी न्हाई," आई म्हणाली. "खाडा पडायचा न्हाई."

दुपारी आईनं माळ्यावरचा कोयता काढला. आत्ता मागं दगडावर घासत बसलीय. दर चार घासांना थांबते, मनगट चोळते. अक्का तिच्याजवळ बसलीय, नुसती.

मी बावीस वर्षांची आहे. कंबर चांगली, हाडं चांगली. 'मी जाते' हे सकाळपासून माझ्या तोंडातनं आलेलं नाही. कुणी मला विचारलं पण नाही.

घासायचा आवाज थांबला. परत सुरू झाला.