‘ठणका’च्या शेवटच्या सहा ओळी

६ जाने.
केतकीचा फोन. पुस्तक नक्की! आमच्या जुन्या ‘ठणका’ नियतकालिकातले माझे निवडक लेख, मुखपृष्ठावर माझं नाव. मुलगी डोंबिवलीची, स्वतःची छोटी प्रकाशनसंस्था चालवते, अजून तिशीही गाठलेली नाही. रद्दीत तिला आमचे अकरा अंक सापडले, त्यावरून तिने मला शोधून काढलं. म्हणाली, "सर, त्या काळी मराठीत रॉकवर असं कुणी लिहीतच नव्हतं." मी शक्य तितक्या नम्रपणे "हो" म्हटलं.
सरोज मेथी निवडत होती. तिला सांगितलं. "छान. अंक कुठे आहेत?" नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवणार. बदलापूरला मांजर्लीत तळमजल्यावर राहायचो तेव्हा उल्हास नदी घरात आली आणि सगळे अंक घेऊन गेली. एकूण सत्तावीस निघाले होते. उरलेले सोळा आता कुठून आणू?

८ जाने.
प्रस्तावनेसाठी टिपण. आठ पानी, फुलस्केप, सायक्लोस्टाइल. पहिली पाळी संपली की अंबरनाथला कारखान्याच्या लॅबमध्येच बसून लिहायचो. उल्हासनगरला टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये नेऊन द्यायचो. तिथे मंगल भोईर टाइप करून स्टेन्सिल कापायची. बदलापूर गावातली मुलगी, मराठी टायपिंगची चाळीस शब्दांची परीक्षा पहिल्या झटक्यात पास. शनिवारी अंक हातात, शाई अजून ओली.
आणि बँड! ‘ब्लॅक बॉयलर’चा किशू. त्याची गिटार आपल्या यू.एस.ए.ची, म्हणजे उल्हासनगर कॅम्प तीनच्या फर्निचरवाल्याने सागवानात केलेली. एका हाताने उचलता यायची नाही. असल्या गिटारीवर पोरं जे वाजवायची ते मुंबईतल्या इंग्रजी पेपरांना दिसलं नाही. मला दिसलं. हे मी छाती ठोकून लिहिणार आहे.

११ जाने.
के. म्हणते लेख चांगलेच आहेत, पण शेवट भन्नाट. ‘ब्लॅक बॉयलर’च्या अंबरनाथच्या कार्यक्रमावरच्या लेखाचा शेवट तिने फोनवर वाचून दाखवला:
"तार तुटली. तो उरलेल्या पाचांवर वाजवत राहिला. आमच्याकडे एक बैल बसला की माणूस जू खांद्यावर घेतो, पण नांगर थांबवत नाही."
"सर, हे बैलाचं कुठून सुचलं?"
"लहानपणी पाहिलेलं," मी म्हटलं.
माझं लहानपण गिरगावात गेलं. बैल पाहिला तो पोळ्याच्या चित्रात.

१४ जाने.
संक्रांत. मंगलकडे गेलो, बदलापूरच्या शिरगावला. पत्ता इन्स्टिट्यूटमधल्या एका जुन्या माणसाकडून मिळाला. नातू झालेत, केस पांढरे, बोटं मात्र तशीच, बोलता बोलता टेबलावर चालतात. तिळगूळ दिला. म्हणाली, "पाटकर साहेब, चाळीस वर्सांनी आलात, गोड कशाला बोलू?" मग स्वतःच हसली.
अंक आहेत का विचारलं. आत जाऊन फाइल घेऊन आली. सत्तावीसच्या सत्तावीस. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू. बाईने एकही दुमडू दिलेला नाही.
प्रत्येक अंकामागे माझं हस्तलिखितही टाचलेलं आहे. "टाइप झाल्यावर तुम्ही कदी परत मागितलं नाय. फेकू कशी?"

१५ जाने.
सकाळपासून फाइल. हस्तलिखित आणि अंक शेजारी शेजारी ठेवून.
‘ब्लॅक बॉयलर’च्या लेखात माझं अक्षर ‘तार तुटली, पण तो थांबला नाही’ वर संपतं. खाली माझी सही. बैल नाही, नांगर नाही, पाच तारा नाहीत.
दुसरा लेख. माझा शेवट: ‘एकंदरीत कार्यक्रम बरा झाला.’ छापलेला शेवट: "गाणं संपलं तरी ड्रमवाल्याचा पाय थांबेना. घरी आई विचारेल, पाय का हलवतोस? तो काय सांगणार?"
सव्वीस अंकांत हेच. कुठे पाच ओळी, कुठे सहा. फक्त पहिल्या अंकाचा शेवट माझा आहे. तो वाईट आहे.

१६ जाने.
मंगलला फोन. रागात होतो, का ते देव जाणे. ती शांत. "पान अर्धं कोरं राहिलं की मना कसंतरी व्हायचं. परीक्षेत असं पान दिलं तर मार्क कापायचे. म्हणून भरायचे."
"विचारायचं तरी!"
"तुम्ही वाचत नव्हता का?"
फोन ठेवला.

१७ जाने.
मला माहीत होतं.
लिहून टाकलं. दुसऱ्या अंकापासून माहीत होतं. लोक उल्हासनगर स्टेशनवर थांबवून मला तेच शेवट म्हणून दाखवायचे आणि मी मान डोलवायचो. आधी वाटलं पुढच्या वेळी सांगू. मग सांगायचं राहूनच गेलं, आणि पुढे पुढे खरंच वाटायला लागलं की मीच लिहिले.

२० जाने.
सरोजला सांगितलं. ती म्हणाली: "लग्नाआधी दादा ‘ठणका’ आणायचा. मी फक्त शेवट वाचायचे. त्यावरूनच तुम्हाला हो म्हटलं. आता मी काय भोईर बाईंकडे नांदायला जाऊ?"
हसलो दोघं. पण रात्रीची भाकरी नेहमीपेक्षा जाड होती.

२२ जाने.
के.ला सांगणं सगळ्यांत अवघड गेलं. वाटलं पुस्तक गेलं. ती म्हणाली, "मग दोन नावं घालू. त्यांच्या सहीचं पत्र लागेल. नावांचा क्रम?"
"अकारविल्हे," मी ताबडतोब म्हटलं. भ च्या आधी प येतो. पडलो तरी नाक वर.

२५ जाने.
पत्र घेऊन शिरगावला. मंगलने चष्मा लावून दोनदा वाचलं, एक टायपाची चूक काढली, आणि सही केली नाही.
मी म्हटलं, "तुमचा हक्क आहे."
"हक्क हाय, म्हायती हाय मना. पण मी यातलं एक पण गाणं ऐकलं नाय."
सव्वीस शेवट, आणि बाईने एकही कार्यक्रम पाहिलेला नाही! "मना कोण नेणार होता? साडेसहाला घरी नाय पोचले तर बाबा फाट्यावर उभे असायचे. तुम्ही पण कदी विचारलं नाय." खरं आहे. कधीच विचारलं नाही. सुचलंच नाही, आणि त्याची लाज आज वाटते आहे.
"मग लिहिलंत कसं?"
"तुमचं टाइप करताना मना ऐकायला यायचं."
परत येताना रिक्षात हे वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होतो. माझं लिहिलेलं वाचून एका माणसाला गिटार ऐकू आली! शेवट तिचे असतील, पण ते ऐकू घालणारा मी होतो. आज फार दिवसांनी ताठ मानेने जेवलो.
तिची अट: आधी गाणी ऐकवा, मग सही.

३० जाने.
उल्हासनगर. किशूचं सोफ्याच्या कापडाचं दुकान. टक्कल पडलंय, आवाज तोच. "अरे पाटकर साईं! मला वाटलं तू गेला वर." गल्ल्याच्या मागे, देवाच्या फोटोशेजारी, माझा लेख लॅमिनेट करून टांगलाय. आमचा लेख. गिऱ्हाईकांना तो बैलाची ओळ वाचून दाखवतो, मग सांगतो, "ये मैं हूँ." नातवंडांकडून पाठ करून घेतली आहे.
त्या कार्यक्रमाची कॅसेट होती त्याच्याकडे. त्याच्या मुलाने पेनड्राइव्हवर घालून दिली. किशूने स्वतः ती वर्षानुवर्षं ऐकलेली नाही. "सुनके क्या करूँ, तूने लिखा है ना सब."
ओळ कुणाची ते त्याला सांगायला गेलो, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. खरं तर गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबता आलं असतं.

२ फेब्रु.
मंगलकडे टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. सून, नातवंडं, सगळी बसली. खरखर, शिट्ट्या, मग ‘ब्लॅक बॉयलर’. पोरांनी कान झाकले. मंगल हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी. मधेच तिचा पाय हलायला लागला. तिला कळलंही नसेल.
मग तार तुटली. कॅसेटवर स्पष्ट ऐकू येतं, टण्ण. आणि गिटार थांबली. कुणीतरी "सॉरी, सॉरी" म्हटलं, तो किशूच. लोक हसले. बऱ्याच वेळाने गाणं पुन्हा पहिल्यापासून.
मंगलने टीव्ही बंद केला.
"हा थांबला की."
ती माझ्याकडे वळली.
"तुम्ही लिहिलं होतं, थांबला नाही."

३ फेब्रु.
तार तुटली तेव्हा मी हॉलमध्ये नव्हतो. बाहेर चहा पीत होतो. ड्रमवाल्याने नंतर जे फुगवून सांगितलं ते लिहिलं. इतक्या वर्षांत हे कुणाला सांगितलं नाही, इथेही नाही.

४ फेब्रु.
मंगलला फोन करून चहाचं सांगितलं. म्हणाली, मग ओळ बदलावी लागेल. मी समजावलं: लोकांना तीच आवडते, के.ला आवडते, किशूने दुकानात देवाशेजारी टांगली आहे. किशूला उघडं पडल्यासारखं होईल. एवढ्याशा खोट्याने कुणाचं काय जातं?
"पाटकर, बैल माझा हाय. खोट्या नांगराला मी जुंपणार नाय."
नावामागचं ‘साहेब’ गेलं. बरं वाटलं.

५ फेब्रु.
के. म्हणते मूळ लेख आहे तसाच छापायचा, खाली तळटीप टाकू. मंगल म्हणते तळटीप म्हणजे करेक्शन फ्लुइड, खालचं अक्षर दिसतंच. दोघींच्या मध्ये मी. पुस्तक जूनला यायचं आहे आणि पत्र अजून सहीशिवाय शिरगावला.
सरोजला विचारलं. "भोईर बाई म्हणतील तसं करा. इतकी वर्षं तसंच तर चाललंय."

६ फेब्रु.
आज किशूला सगळं सांगितलं, कॅसेटचं आणि मंगलचंही. वाटलं शिव्या देईल. तो म्हणाला, "मला आठवत होतं रे, मी थांबलो ते. पण तू लिहिलंस, तर मला वाटलं तुला तसं दिसलं असेल." त्याने फ्रेम काढलेली नाही. ठेवणार की काढणार, ते सांगत नाही. मंगलचा नंबर मात्र मागून घेतला.

८ फेब्रु.
संध्याकाळी मंगलचा फोन. किशू तिच्याशी अर्धा तास बोलला म्हणे. काय बोलला ते सांगेना.
"सहीचं काय करताय?" मी विचारलं.
"आधी लेख. कागद घ्या."
कागद घेतला.
"आधी तुमची ओळ दुरुस्त करा, मग माझी सांगते."
पेन उघडून बसलो. एवढी साधी ओळ, तीनदा खोडली. लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं: "तार तुटली तेव्हा मी बाहेर चहा पीत होतो. आत किशू थांबला."
पलीकडे बोटं टेबलावर वाजत होती, तेवढं ऐकू येत होतं.
"बरी हाय," ती म्हणाली. "घ्या पुढे लिहून."
आणि तिने सांगायला सुरुवात केली. ती सांगत होती, मी टिपत होतो. मध्येच थांबून म्हणाली, "हळू सांगू का? तुम्हाला सवय नाय."