कळशी कोरडी होती

मुरुड, वैशाख, मंगळवार, सन १९५८

आज नातीबरोबर तंबूत सिनेमा पाहिला. गोष्ट जुनीच, विलायती पुस्तकातली म्हणे. चार सालांमागं दुसऱ्या कंपनीनं केलेला पाहिला होता. मोठा बंगला, बिजवर मालक, विहिरीत मेलेली पहिली बायको. तेव्हा मालकानंच तिला ढकललेलं. कळशी काठावर कोरडी राहिली, त्यावरून पकडला मेला. आजचा मालक देखणा, म्हणून तिचा पाय घसरला आणि कळशीही तिच्याबरोबर पाण्यात.

"आजी, हाच खरा वाटतो," सुमन म्हणाली.

वाटणारच. परवा तिला माणगावच्या बिजवराला देतायत. त्याचीही पहिली विहिरीत गेली, पाय घसरून. कळशी कुठं होती, मी मध्यस्थाला विचारलं होतं. "काठावर, कोरडी," म्हणाला, पान चघळत. पाणी काढायला वाकलीच नाही तर पाय घसरेल कसा?

लेकाला सांगितलं. "आई, सिनेमा बघून सोयरीक मोडतात व्हय?"

माझंच डोकं फिरलंय का? दारात मांडव घातलाय. कुणाला सांगू?

सिनेमावाल्यांनी निदान कळशी पाण्यात ढकलली. माणगावकरांना तेवढीही गरज वाटली नाही.