उनातलं जीवनसत्त्व

१८ ऑगस्ट
रेश्मा, आधी तारीख घाल, काल इसरलीस. चष्मा डोक्यावर ठिवून घरभर हुडकणारी नात, आन् मी सांगंल ते लिवायला माझी वही हिच्या हातात! वही माझ्याचसाठी हाय. मला वाचता येत न्हाई, म्हंजे लय खाजगी.

म्हसवडच्या डाक्टरनं रक्त तपासलं. व्हिटॅमिन डी नऊ. तीस पायजे. हाडं ठिसूळ झाल्यात म्हणं. मला हसू आलं. पन्नास वर्सं मेंढरांमागं हिंडले, आन् मलाच ऊन कमी? तीस झाल्याबिगर कळपासंगं चालायचं न्हाई म्हणाला. दिवाळीनंतर मालक, म्हंजे रेश्माचं आजं, कळप चारायला घिऊन आष्ट्याकडं निघत्यात. माझ्याबिगर पाऊल टाकायचं न्हाईत. चाळीस करून दावते.

१९ ऑगस्ट
कातडीवर ऊन पडलं की अंगच डी तयार करतंय म्हणं. आतड्यातलं जंतू बी कसलं तरी व्हिटॅमिन करत्यात. आत समदी कामाला, मीच बसून! मग डाक्टरनं दिलेल्या गोळ्या कशाला? कोंबडीला घातल्या.

१२ सप्टेंबर, सकाळी ११
रोज अर्धा तास अंगणात बसते. समोरच्या कट्ट्यावर थोरलं दीर, भाऊसो. म्हणून पदर हनुवटीपतुर, हात आत. रेश्मा म्हणती, आज्जे, ऊन लुगड्याला लागतंय, तुला न्हाई. लुगडं जुनं हाय. झिरपत आसंल.

१३ सप्टेंबर
दिरांस्नी निरोप धाडला. बिचारं भिंतीकडं तोंड करून बसलं. तरी पदर सरकंना. एक हात कोपरापतुर काढला. भागंल तेवढ्यावर.

४ नोव्हेंबर
माझं गाठोडं घोड्यावर चढवलं. रक्त परत तपासाया दिलंय, रिपोट काय, येईल मागनं.

१० नोव्हेंबर
अकरा.
डाक्टरनं इचारलं, गोळ्या खाल्ल्या का? म्हटलं, कोंबडी तरतरीत हाय. म्हणाला, म्हातारी कातडी उनात बसली तरी डी कमीच करती. मालक शेजारीच हुतं. घरी येऊन गाठोडं उतरवलं. पुढच्या साली, म्हणालं.

१४ नोव्हेंबर
कळप गेला. पन्नास वर्सांत पैल्यांदा मी दारात उभी. हाक मारली न्हाई. मेंढरं वळत न्हाईत, ठावं हाय. मालक बी वळलं न्हाईत. उनानं डोळ्याला पाणी आलं.

रेश्मा, हे वहीत लिव, आन् ध्यानात बी ठिव. उद्या पुतण्या सिद्धू गाडीवरनं त्यांस्नी वाटंत गाठणार हाय. त्याच्याकडं बाजरीची भाकरी आन् लसणाची चटणी दे. भाकरी एकाच्याच बांध. दोघांच्या बांधल्यास, तर माझ्या वाटणीची राखून ठिवतील.