सासूलाही विचारायचं

आई, आज मी मुलुंडच्या प्रसूतिगृहात वीस-बावीस सिस्टरना चटईवर उताणं झोपवलं, गुडघे वर घ्यायला लावले आणि मोठ्याने सांगितलं, "लघवी अडवताना आवळतो तो भाग आवळा, पाच आकडे धरा, सोडा." तू असतीस तर पदर तोंडाला लावून उठून गेली असतीस. जा खुशाल. मी थांबले नसते.

या सगळ्या मिडवाइफ व्हायचं शिकताहेत. गरोदर बाईने किती चालावं, बाळंतिणीने कधी उठावं, कुठला व्यायाम करावा, हे त्यांनी बायकांना सांगायचं आणि त्यांना मी शिकवायचं. तू निम्म्या घाटकोपरच्या बाळ-बाळंतिणींना न्हाऊमाखू घातलंस, तुझ्या हातात रडकं पोरही गप्प व्हायचं, हे मी नाकारत नाही. पण माझ्या बाळंतपणात काय केलंस? पोट कचकचून बांधलंस, खाटेखाली शेगडी सरकवलीस आणि बजावलंस, "सव्वा म्हयनो खाट सोडूची नाय." नाही सोडली. मग एकदा उभ्याने शिंकले आणि परकर भिजला. तू मोरीत तेलाची वाटी घासत होतीस. मी कुजबुजत सांगितलं, तर तू वळूनही पाहिलं नाहीस. "बायलमानसाक ह्या असताच. खंय बोलू नको."

नाही बोलले. अकरा वर्षं लेकीबरोबर एक उडी मारली नाही, हसू आलं की आधी पाय जुळवले, लग्नकार्यात दाराजवळची खुर्ची धरली. मग नोकरीतल्याच एका प्रशिक्षणात हा व्यायाम शिकले आणि तीन-चार महिन्यांत फरक पडला. आनंद बाजूलाच राहिला, मला संताप आला. इतकी साधी गोष्ट, आणि त्यासाठी अकरा वर्षं! तेव्हापासून ज्या बाळंतिणीला भेटते तिला शिंकताना-खोकताना लघवी सुटते का, हे विचारते, आणि तुझं ते "बोलू नको" मी पुढे कुणालाही देणार नाही.

आज एक तरुण सिस्टर म्हणाली, "मॅडम, बाळंतिणीला विचारू हो, पण सासू खाटेला चिकटून बसलेली असते ना! तिच्यासमोर कसं विचारायचं?"

"सासूलाही विचारायचं," मी म्हटलं. "दोघींना शेजारी झोपव आणि शिकव."

सगळ्या खो खो हसल्या. मागे बसलेल्या पिकल्या केसांच्या सिस्टर हसता हसता थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "मग आधी मलाच विचारा, मॅडम." त्यांना जवळ बसवून मी सगळं पहिल्यापासून पुन्हा सांगितलं.

घरी येऊन लिहायला बसले ती तुला खडसवायला. पण हे पत्र काही पोस्टात पडणार नाही, तेव्हा सांगून टाकते. मी व्यायाम शिकले तेव्हा तू होतीस. पुढेही दोन वर्षं होतीस. खोकल्याची उबळ आली की तू भिंत धरून पाय आवळायचीस, दिवसातून तीनदा पातळ बदलायचीस. मला कळत होतं. तुला मात्र मी विचारलं नाही, आई. मला लाज वाटली.