आईच्या पावातलं बी

प्रिय दादा,

फोन तू उचलत नाहीस. चुकून उचललास तर दोन वाक्यांनंतर "ऐकू येत नाही, वारा फार आहे" म्हणून ठेवतोस. स्वयंपाकघरात कसला रे वारा? म्हणून हे पत्र. फार तर ते चुलीत घालशील, पण मांदावहिनीला मी बजावून ठेवलंय की हा चुलीजवळ दिसला तर आधी हात तपासायचे.

परवा तेनाचा फोन आला होता. रडत नव्हती, चिडली होती. तुझीच मुलगी. म्हणाली, "आत्या, बाबांनी डॉक्टरांना तोंडावर सांगितलं, पोरीची किडनी घेणार नाही. म्हणे आमच्या घराचं रक्तच किडकं आहे. आज माझी गेली, उद्या हिची जाईल, तेव्हा हिच्याजवळ निदान दोन तरी असू देत." आणि पुढे असंही म्हणाली की नोव्हेंबरात मार्टिनच्या सणाला नवी वाइन चाखून झाली की डायलिसिसला जायचंच नाही, असं तू ठरवलंयस. आठवड्यातून तीनदा मशीनला बांधून घ्यायला मी काय बैल आहे, असं विचारलंस म्हणे. आणि वर हसलास. दादा, मार्टिनचा सण सात आठवड्यांवर आला. मशीन सोडलं की माणूस किती दिवस काढतो हे मला ठाऊक आहे आणि तुलाही ठाऊक आहे, कारण बाबांच्या उशाशी तूच बसला होतास.

मला तू "विषाची वकिलीणबाई" म्हणतोस, गावात कुणी विचारलं तर "ती झाग्रेबला उंदरांना काहीतरी खायला घालते" असं सांगतोस. खरं तर उंदीर सोडून मला वीस वर्षं झाली. आता मी वाचते. एखाद्या पदार्थाने माणसाला कॅन्सर होतो की नाही, याचे जगभरातून आलेले पुरावे आम्ही वीसेक जण वाचतो, मग आठवडाभर एका खोलीत बसून भांडतो. शेवटी सगळं भांडण एका शब्दावर येतं: पुरावा 'मर्यादित' म्हणायचा की 'पुरेसा'. या शब्दासाठी मी लोकांचे अख्खे दिवस खाल्लेत. आमची अध्यक्षीण ओर्नेला, बोलोन्याची, ती म्हणते, "आंजाच्या दारात सूर्य उगवला तरी ही विचारेल, हे दुसऱ्या कुणी पडताळून पाहिलंय का?" तेव्हा मी काही सांगते ते बहिणीच्या मायेने सांगते असं समजू नकोस. माया आहे, ती वेगळी.

बाबांच्या तीन विहिरी आठवतात तुला? मला आठवत नाहीत, मी ऐकल्यात. अख्ख्या नदीकाठाला तेव्हा एकच भूत दिसत होतं, पाणी. पन्नाशीतली धडधाकट माणसं पिवळी पडायची, तळहात तांब्याच्या रंगाचे व्हायचे, आणि मग किडन्या सुकून जायच्या. काहींना पुढे मूत्रमार्गात गाठ. शेजारचं घर सुखरूप आणि आपलं घर रिकामं. मुलगी देताना लोक आधी घर विचारायचे. बाबांनी पहिली विहीर बुजवली, दुसरी खणली, तीही बुजवली, तिसरी पार चर्चमागे खणली. आई पाणी उकळून, गाळून, पुन्हा उकळून घ्यायची, आणि त्याच पाण्यात पीठ मळायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा. विष परातीत होतं, दादा.

बांधावरच्या लांडगेपाऊल नावाच्या झाडाची तुला ओळख करून द्यायला नको. बदामाच्या आकाराचं पान, पिवळं फूल. आपल्या आजोबांनी ते कधी उपटू दिलं नाही, कारण विळा लागला की त्याचंच पान जखमेवर बांधायचं. औषधी झाडाला हात लावायचा नाही, ही आपल्याकडची रीत. मग ते बांधावरून गव्हात शिरलं. त्याचं बी गव्हाबरोबर पिकतं, गव्हाबरोबर मळलं जातं, गव्हाबरोबर गिरणीत जातं. आणि आपला तोरा असा की दुकानाचं पीठ भिकाऱ्यांनी खावं, आपण आपलाच गहू दळून आणणार. ज्यांना पीठ विकत घ्यावं लागलं ती घरं वाचली, आणि ज्यांच्या कोठारात स्वतःचा गहू होता ती पोखरली गेली. आपलं कोठार भरलेलं होतं. तू गरम पावाची कड तोडून त्यावर डुकराची चरबी लावायचास, वर लाल तिखट, आणि ओसरीत उभ्यानेच खायचास. असं आई सांगायची, मोठ्या कौतुकाने.

हे कुणी शोधलं याची गोष्ट कधीतरी समोर बसून सांगेन, कारण ती सांगताना मला अजून अंगावर काटा येतो. घोड्यांपासून सुरुवात आहे त्यात. कुरणातलं तेच झाड खाऊन घोड्यांच्या किडन्या सुकल्याचं कुणीतरी लिहून ठेवलं होतं, आणि ते टिपण वर्षानुवर्षं धूळ खात पडलं होतं. पण आज मला तुला दुसरंच सांगायचंय, आणि ते सांगण्याआधी एक कबुली. आई गेली तेव्हा तिची काढलेली गाठ इस्पितळाने मेणाच्या वडीत घालून ठेवली होती. वीस वर्षांनी संशोधनासाठी ती वडी मागण्यात आली. वारस म्हणून सही हवी होती. मी केली. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाला असतास.

त्या वडीतून केसाहून पातळ काप काढला. पेशीत एक मजकूर असतो, दादा, चार अक्षरांचा, तीच चार अक्षरं उलटसुलट लांबच्या लांब. आपण नाक कुणाचं घेतलं, चिडतो कसे, सगळं त्यात. प्रत्येक विष त्या मजकुरात आपापल्या हाताने खाडाखोड करतं. तंबाखूची खाडाखोड वेगळी, उन्हाची वेगळी. लांडगेपावलाचं बी एकाच अक्षराला जाऊन चिकटतं आणि नक्कल होताना त्या जागी दुसरं ठरावीक अक्षर येऊन बसतं. ही खोड दुसरं कुणी सहसा करत नाही. मी पडद्यावर आईचा मजकूर वाचला. तिथे ती खोड होती, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. वर त्या बियाचा अंशही अजून चिकटलेला. आई जाऊन वीस वर्षं झालेली, गिरणी बंद पडून पंचवीस, आणि परातीतल्या मूठभर पिठातले चार दाणे तिच्या पेशीने जपून ठेवलेले. मी मिस्साच्या प्रार्थनेला उभी राहते तशी खुर्चीतून उठून उभी राहिले. मला चर्चमध्ये जे कधी झालं नाही ते तिथे झालं. एवढ्याशा बियाला इतकं अचूक लिहिता यावं, आणि माणसाच्या मातीने ते इतकं इमानाने सांभाळावं! मी रडले ते नंतर. आधी नुसती थक्क होऊन बघत राहिले.

पुढच्याच वर्षी त्या बियातलं विष आमच्या समितीसमोर आलं. नियम असा की ज्याचा संबंध आहे त्याने आधीच लिहून द्यायचं. मी लिहिलं, 'आईवडील दोघंही यातच गेले.' ओर्नेलाने कागद वाचला आणि म्हणाली, "बाहेर जा. कॉफी पी. दाराला कान लावायचा नाही." तीन तास मी बाहेरच्या बाकावर बसून होते. लाज वाटायची गोष्ट सांगू? मी आत असते तर सवयीने आणखी एक पडताळणी मागितली असती. शेवटी ओर्नेला बाहेर आली, माझ्या शेजारी बसली, बूट काढून पाय चोळत म्हणाली, "पुरेसा. एकमताने. तुझ्याशिवाय ठरलंय, म्हणून जास्त पक्कं ठरलंय." त्या परक्या माणसांनी आपल्या गावाचं नावही कधी ऐकलेलं नव्हतं, दादा. त्यांनी फक्त पुरावा वाचला आणि आपल्या रक्तावरचा डाग पुसून टाकला.

तरी तू म्हणणार, कागदावर काही का असेना, आपल्या घरातलीच माणसं का मेली? मग आईचं सांग. आई लिकाच्या डोंगरातली. तिच्या माहेरी नव्वदीपर्यंत म्हाताऱ्या लाकडं फोडतात. आपल्या घराण्याच्या रक्ताचा तिच्यात थेंब नव्हता. सून म्हणून आली, सव्वीस वर्षं आपला पाव खाल्ला आणि आपल्याच रोगाने गेली. आणि तेना? ती जन्मली तेव्हा गिरणीच्या छपरावर कबुतरं नांदत होती. तिने आयुष्यभर बेकरीचा पाव खाल्लाय, तुझ्या नाकावर टिच्चून.

आता ते, जे आपण दोघं कधी बोललो नाही. झाग्रेबची रोझामावशी मूल दत्तक न्यायला आली तेव्हा मी चार वर्षांची होते, तू सात. तिला मूल नव्हतं, आपल्याकडे दोन होती. सगळे म्हणतात मावशीने मला पसंत केलं. तू तर मला अजून "झाग्रेबची पाहुणी" म्हणतोस. पण आईने जाण्याच्या आठवडाभर आधी माझा हात धरून खरं सांगितलं. मावशी तुला न्यायला आली होती. तुझे कपडे बांधून तयार होते. आणि तू त्या दिवशी मक्याच्या कोठारात जाऊन लपलास, कारण घोडीला शिंगरू झालं होतं आणि तुला ते सोडवत नव्हतं. गाडीची वेळ झाली, मावशी खोळंबली, शेवटी बाबा म्हणाले, मग धाकटीला ने. तुझ्या गाठोड्यातच माझे दोन फ्रॉक कोंबले. मी रोझामावशीच्या घरी शहराचा पाव खाल्ला, सुट्टीत आजोळी लिकाला गेले, आणि तू इथे तो कडेचा तुकडा खात राहिलास. मी आयुष्यभर योगायोग नावाच्या गोष्टीला पुराव्यातून चिमट्याने वेचून बाहेर टाकलं. आणि माझं अख्खं आयुष्य एका शिंगरावर उभं आहे.

म्हणून हे पत्र. तेनाची किडनी घे असं सांगायला मी लिहीतच नाहीये. ती पोर एकोणतीसची आहे, तिला बाळ हवंय, तिची तिच्याजवळ राहू दे. एवढं मात्र तुझं बरोबर आहे, कारण सपशेल चूक असलं तरी. मार्चपासून मी तुला न सांगता सगळ्या तपासण्या करून घेतल्या. आपलं जुळतं, दादा. माझी ती चार वर्षं डॉक्टरांना सांगितली, त्यांनी दोन महिने घासाघीस केली, नळीपासून मूत्राशयापर्यंत सगळं पाहिलं. धोका शून्य नाही, पण फार कमी, आणि एकसष्टाव्या वर्षी माझ्या दोन्ही किडन्या स्वच्छ. तुझ्याच आईबापांचं रक्त, तुझंच नाक, तुझाच हट्टीपणा, फक्त पाव वेगळा. तुला पुरावा हवा होता ना? तो माझ्या कमरेत आहे आणि त्यातली एक तुला द्यायची आहे. तारीख सव्वीस ऑक्टोबर मिळाली आहे. मी गुरुवारी दुपारच्या गाडीने येते. नाही म्हणायचं असेल तर माझ्या तोंडावर म्हण, आणि म्हणण्याआधी एवढंच लक्षात घे की मी उपकार करायला येत नाहीये. सत्तावन्न वर्षं तुझ्या जागी जगले, त्यातलं थोडं परत करायला येतेय.

तुझीच,
आंजा