गडव्यातलं पाणी

मॅडम,

त्या दुपारी वर्गातला पंखा करकरत होता आणि तुम्ही फळ्यावर माणसाची आकृती काढत होतात. समाज शरीरासारखा असतो, प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं, प्रत्येक रीत कुठेतरी उपयोगी पडते म्हणूनच टिकते, असं सांगत होतात. प्रश्न विचारायचा तर उभं राहून, ही सवय कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी लावलेली. मी उभी राहिले. "माझ्या आजीला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते. ती रीत कशाच्या उपयोगाची होती?" तुम्ही मोठ्या शेतकरी घरातल्या, आम्ही बौद्ध. सगळे तुमच्याकडे बघत होते. तुम्ही खडू खाली ठेवून म्हणालात, "मला विचार करू दे."

रविवारी तुम्ही आम्हाला आंधळगावच्या पुढच्या एका खेड्यात नेलंत. तळ्याची पाळ दुरुस्त करायला तिथे घरटी एक माणूस येतो, ते बघायला. दुपारी सगळे शिदोऱ्या सोडून बसलेत आणि तुम्ही तुमचा पितळी गडवा माझ्या हाती देता. "आज पाणी तू वाढायचं." पहिलीच म्हातारी विचारते, "कोनाची वं तू, बाई?" तिला काय विचारायचं आहे, ते मला कळतं. "माही पोरगी होय ते," तुम्ही मागून म्हणता, "अन् आधी मले दे, तहान लागून राहिली." तुम्ही घटाघट प्यायलात, पदर भिजला. म्हातारी हसली, "मास्तरीनबाईची तहान तं मोठीच हाय! दे वं, आता मले दे." दोघे जण मात्र माझ्या हातचं पाणी न घेताच उठून तळ्याकडे गेले. परतताना एसटीत तुम्ही म्हणालात, "मी अर्धंच शिकवलं. समाज टिकतो खरा, पण कोणाला तहानलेलं ठेवून, ते सांगायचं राहिलं."

पुढे भंडाऱ्यात मीही तेच शिकवलं, दोन्ही अर्धी. नोकरी लागली तेव्हा तुम्ही दिलेला गडवा अजून चिंचेने घासते. आता गुडघे थकले, आवराआवर चालली आहे. तुम्ही गेल्यावर इतक्या वर्षांनी सांगते: त्या दिवशी मला उत्तर नकोच होतं. माझ्या हातचं पाणी तुम्ही प्याल का, एवढंच जाणून घ्यायचं होतं.

लेकीला सांगून ठेवलंय. पुस्तकं कॉलेजला, तुमची शाल तिलाच. गडवा साकोलीला शिकवणाऱ्या माझ्या विद्यार्थिनीला, वर्गात माझ्याशी सगळ्यात जास्त भांडायची, तिला. रिकामा नाही द्यायचा. भरून द्यायचा.